हरिकेन सीझनमध्ये बीच व्हेकेशन: बुकिंगपासून क्लेमपर्यंत, पायरी पायरीने

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडा, कॅनकून, बहामा, पोर्तो रिको इकडची तिकिटं आणि रिसॉर्ट एकदम स्वस्त दिसायला लागतात आणि अमेरिकेत नवीन आलेल्या आपल्या लोकांना वाटतं, वा, काय डील मिळाली, शाळा सुरू झाल्यात म्हणून रेट उतरले असतील. शाळा हे एक कारण आहेच, पण दुसरं मोठं कारण म्हणजे हा ऐन हरिकेन सीझन, म्हणजे चक्रीवादळांचे दिवस असतात. जाऊच नका असं मी अजिबात म्हणणार नाही. आम्ही स्वतः बऱ्याचदा याच दिवसांत जातो, पाणी मस्त कोमट असतं, बीचवर गर्दी नसते आणि बहुतेक वेळा दुपारच्या एखाद्या सरीपलीकडे काही होत नाही. फक्त प्लॅनिंग वेगळ्या पद्धतीने करावं लागतं. एरवी आपण जायचं कसं ते बघतो, इथे निघायचं कसं ते आधी बघायचं. चार महिन्यांनी अमुक तारखेला अमुक बीचवर वादळ असेल का, हे आज कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे तो प्रश्न सोडून द्या आणि आलंच तर किती लवकर आणि किती कमी पैसे घालवून बाहेर पडता येईल हे बुकिंगच्या दिवशीच ठरवून टाका.

हे सगळं लिहून काढायचं कारण म्हणजे दर सप्टेंबरला कोणाचा तरी फोन येतोच, "अहो, वादळाला नाव पडलंय, आता इन्शुरन्स घेऊ का?" तोपर्यंत उशीर झालेला असतो.

## १. आधी महिना आणि नकाशा एकत्र बघा

अटलांटिकचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचं आखात यातच आलं. १९९१ ते २०२० ची सरासरी धरली तर एका सीझनमध्ये नाव पडलेली १४ वादळं, त्यातली ७ हरिकेन आणि ३ मोठी, म्हणजे कॅटेगरी ३ किंवा वरची (वाऱ्याच्या वेगावरून १ ते ५ अशी कॅटेगरी ठरते). पण ही सहा महिन्यांत सारखी विभागलेली नसतात. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खरा जोर, आणि १० सप्टेंबरच्या आसपास शिखर. म्हणजे जूनचा पहिला आठवडा आणि लेबर डेचा (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा) आठवडा दोन्ही "सीझनमध्येच" येतात पण दोघांत फार फरक आहे.

लोक महिना बघतात पण जागा बघत नाहीत, आणि महिन्याप्रमाणे धोक्याची जागा सरकत जाते. जूनमध्ये जी होतात ती जास्त करून आखातात आणि पश्चिम कॅरिबियनमध्ये होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून निघालेली वादळं अख्खा अटलांटिक ओलांडून येतात, ती पूर्वेकडची बेटं, पोर्तो रिको, बहामा, फ्लोरिडाचा पूर्व किनारा आणि कॅरोलायना यांच्या वाटेवर असतात. २०१७ ची अर्मा आणि मारिया अशीच आलेली, २०१९ ची डोरियनही, जी बहामाच्या आबाको आणि ग्रँड बहामावर कॅटेगरी ५ ची होऊन जवळजवळ थांबूनच राहिली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पश्चिम कॅरिबियन तापतं आणि तिथून वादळं वर सरकतात, म्हणजे जमेका, क्युबा, युकातान (कॅनकून इथलंच) आणि फ्लोरिडाची आखाताकडची बाजू. २००५ ची विल्मा कॅनकूनला, २०१८ ची मायकल फ्लोरिडाच्या मेक्सिको बीचला, २०२४ ची मिल्टन सिएस्टा कीला आणि २०२५ ची मेलिसा जमेकाला, सगळी ऑक्टोबरचीच. तेव्हा "ऑक्टोबर आला, सीझन संपत आला" म्हणून कॅनकून बुक करणार असाल तर हे लक्षात ठेवा.

कमी धोक्याची जागा हवी असेल तर आरुबा, बोनेर, कुरासाव. ही तिन्ही बेटं व्हेनेझुएलाच्या जवळ, १२ अंश उत्तरेच्या आसपास आहेत आणि वादळांची नेहमीची वाट त्यांच्या बऱ्याच वरून जाते. त्रिनिदाद-टोबॅगो त्याहून खाली. पण कमी धोका म्हणजे शून्य नाही हे मनाशी पक्कं करा. ग्रेनाडाही साधारण १२ अंशावरच आहे, तरी २००४ ला इव्हानने आणि २०२४ ला बेरिलने तिथे दणका दिलाच, आणि बेरिल तर १ जुलैला, ज्या महिन्यात लोक निर्धास्त असतात. पुढच्या एक-दोन दिवसांत ती कॅटेगरी ५ ची झाली, अटलांटिकमध्ये इतक्या लवकर कॅटेगरी ५ त्याआधी कधी नोंदलीच नव्हती.

मेक्सिकोच्या दुसऱ्या बाजूला, काबो किंवा पोर्तो वायार्ता, तिथे पूर्व पॅसिफिकचा वेगळा सीझन असतो, तो १५ मेलाच सुरू होतो. पॅसिफिकला गेलो म्हणजे सुटलो असं नाही, २०२३ च्या ऑक्टोबरात अकापुल्कोला ओटिस साध्या ट्रॉपिकल स्टॉर्मपासून, म्हणजे हरिकेनच्या खालच्या पायरीपासून, साधारण एका दिवसात कॅटेगरी ५ ला पोचली होती.

डोक्याला अजिबातच ताप नको असेल तर सॅन डिएगो किंवा लेक मिशिगनचे बीच. लेकला लाटा कमी पण वाळू खरंच सुंदर आहे, लहान मुलं असतील तर मी तेच सुचवेन.

## २. बुकिंग: प्रत्येक गोष्टीची रद्द करायची शेवटची तारीख लिहून ठेवा

एक साधी शीट करा. विमान, राहायची जागा, गाडी, टूर, प्रत्येकापुढे तीन रकाने: किती पैसे भरले, कधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत, त्यानंतर काय. ही शीट वादळाच्या आठवड्यात तुमचं डोकं थंड ठेवते.

विमान. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे एअरलाइनने फ्लाइट रद्द केली, किंवा देशांतर्गत ३ तास आणि आंतरराष्ट्रीय ६ तासांहून जास्त बदलली, आणि तुम्ही दुसरा पर्याय घेतला नाहीत, तर पैसे मूळ कार्डावर परत द्यावे लागतात, कारण हवामान असलं तरी आणि तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. पण तुम्ही घाबरून आपणहून कॅन्सल केलंत तर साध्या तिकिटाला फार तर क्रेडिट मिळतं आणि बेसिक इकॉनॉमीला, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटाला, बऱ्याचदा तेही नाही. म्हणून या सीझनला बेसिक इकॉनॉमी घेऊ नका, वाचलेले चाळीस-पन्नास डॉलर नको त्या वेळी आठवतात. वादळ जवळ आलं की एअरलाइन्स ट्रॅव्हल वेव्हर जाहीर करतात, म्हणजे ठराविक एअरपोर्टसाठी आणि ठराविक तारखांसाठी फुकटात तारीख बदलून मिळते. तारीख पुढे ढकलायची असेल तर वेव्हर लागू व्हायची वाट बघा. आणि हो, हवामानामुळे अडकलात तर हॉटेल-जेवणाचा खर्च द्यायला एअरलाइन बांधील नसते.

राहायची जागा. रिफंडेबल रेट थोडा महाग पडतो, तो घ्या. शेवटची तारीख किती आधीची आहे ते मात्र बघा. २४ तास, ४८ तास, ७२ तास इथपर्यंत ठीक. सात दिवस किंवा त्याहून जास्त असेल तर या सीझनला त्या "फ्री कॅन्सलेशन"चा फारसा उपयोग नाही, कारण सात दिवस आधी वादळाचा नेमका रस्ता कळतच नाही. शक्य असेल तर थेट हॉटेलकडून बुक करा, मधल्या साइटवरून केलं की ऐन वेळी दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुम्ही होल्डवर गाणी ऐकत बसता.

बऱ्याच कॅरिबियन रिसॉर्टवर "हरिकेन गॅरंटी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. छान वाटतं, पण खालच्या बारीक अक्षरात बहुतेक वेळा दोन अटी सापडतील: वारा हरिकेनच्या ताकदीचा, म्हणजे ताशी ७४ मैल तरी असला पाहिजे, आणि पैसे परत न मिळता पुढच्या ट्रिपसाठी क्रेडिट मिळेल. तीन दिवस ताशी ५५ मैलांचा वारा आणि धो धो पाऊस पडला तर ती गॅरंटी लागूच होत नाही.

भाड्याचं घर. एअरबीएनबीच्या धोरणात सक्तीचं इव्हॅक्युएशन (भाग रिकामा करायचा सरकारी हुकूम), मोठ्या भागात वीज-पाणी बंद अशा गोष्टी धरलेल्या आहेत, हरिकेन सीझनमधली असली तरी. नुसतं "हवा खराब असेल" त्यात येत नाही. बाकीच्या साइटवर होस्टची पॉलिसी हेच सगळं, त्यामुळे पैसे भरायच्या आधी होस्टला मेसेज टाकून विचारा, "तुमच्या भागात इव्हॅक्युएशन ऑर्डर निघाली तर पूर्ण पैसे परत देणार का?" आणि उत्तर त्याच साइटच्या मेसेजमध्ये घ्या. फोनवर नको.

क्रूझ. क्रूझ फारशा रद्द होत नाहीत, जहाज वादळाला वळसा घालून जातं. पण तुम्ही बहामा म्हणून निघालात आणि मेक्सिकोचं कोझुमेल बघून आलात असं होऊ शकतं, आणि त्याबद्दल जवळपास काही परत मिळत नाही, चुकलेल्या पोर्टची फी तेवढी. ठराविक बेटच बघायचं असेल तर क्रूझ नको.

## ३. इन्शुरन्स: पहिलं बुकिंग झालं त्याच आठवड्यात

वादळाला नाव पडलं की ते विम्याच्या दृष्टीने "आधीच माहीत असलेलं" होतं, त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी एक डॉलरही देत नाही. तारखांचीच भांडणं होतात, त्यामुळे "बघू, जवळ आलं की घेऊ" हे डोक्यातून काढून टाका.

साध्या पॉलिसीचा खर्च ट्रिपच्या ४ ते १० टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यात काय येतं: एअरलाइन ठप्प झाली, हॉटेल राहण्यालायक राहिलं नाही, सक्तीची इव्हॅक्युएशन ऑर्डर निघाली, मधेच परत यावं लागलं. काय येत नाही: "फोरकास्ट बघून आम्ही जायचं नाही असं ठरवलं". भीती कव्हर होत नाही हे वाक्य पाठच करा. त्यासाठी कॅन्सल फॉर एनी रीझन नावाचं वेगळं कव्हर असतं, त्यात कारण विचारत नाहीत पण खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत मिळतात, पहिला पैसा भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांतच ते घ्यावं लागतं, आणि निघायच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द करावं लागतं. माझ्या मते ट्रिप महाग असेल, बुकिंग नॉन-रिफंडेबल असेल आणि तारखा ऑगस्ट-सप्टेंबरच्या असतील तरच ते घ्यावं. सगळं रिफंडेबल असेल तर साधी पॉलिसी पुरते.

पॉलिसी वाचताना हे शोधा:

- फ्लाइटला किती तास उशीर झाला की पैसे मिळतात
- हॉटेल किती दिवस बंद राहिलं तर "राहण्यालायक नाही" धरतात
- हरिकेन वॉर्निंग निघाली एवढ्यावर रद्द करता येतं का, काही पॉलिसींत येतं
- मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का, बेटांवर जाणाऱ्यांना हे हवंच

तुमच्या क्रेडिट कार्डावरही ट्रिप कॅन्सलेशनचा फायदा असू शकतो, पण त्याच कार्डाने पैसे भरलेले असावे लागतात.

आई-बाबा भारतातून आलेत आणि त्यांना घेऊन जाताय, त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स काढलाय, म्हणजे झालं असं समजू नका. तो बहुतेक वेळा आजारपणाचा असतो, ट्रिप रद्द झाल्याचे पैसे तो देत नाही. ट्रिपच्या पॉलिसीत त्यांची नावं वेगळी घाला आणि बीपी-शुगर असेल तर आधीपासूनच्या आजाराची अट बघा, ती शिथिल करायची सवलत पण सुरुवातीच्या काही दिवसांतच मिळते.

## ४. कागदपत्रं

आपल्यापैकी जे व्हिसावर आहेत त्यांना हरिकेनमुळे वेगळाच घोळ होऊ शकतो आणि इंग्रजी गाइडमध्ये हे कुठे लिहिलेलं नसतं.

अमेरिकेबाहेर गेलात आणि परतीची फ्लाइट चार-पाच दिवस लांबली तर? परत येताना त्या दिवशी व्हिसा चालू असावा लागतो. स्टॅम्प रविवारी संपतोय आणि रिटर्न शनिवारचं आहे असं प्लॅनिंग या सीझनला करू नका, निदान दोन-तीन आठवड्यांची जागा ठेवा. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनवर (व्हिसाचा स्टॅम्प संपला तरी चालू आय-९४ वर परत येऊ देणारी सवलत) मेक्सिकोला जाणार असाल तर त्याची ३० दिवसांची मर्यादा आहे, ट्रिप छोटी असेल तर अडचण येत नाही. एफ-१ वाल्यांनी (विद्यार्थी व्हिसा) कॉलेजने दिलेल्या आय-२० वरची ट्रॅव्हल सही तपासा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही, पण बाकीच्या बेटांचे नियम वेगवेगळे आहेत, ते त्या त्या देशाच्या अधिकृत साइटवर बघा. आणि वादळामुळे परतीचा रस्ता तिसऱ्याच देशातून वळवला तर ट्रान्झिटला व्हिसा लागतो का तेही.

पोर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स अमेरिकेचेच भाग, पण व्हर्जिन आयलंड्सवरून परत येताना इमिग्रेशनची तपासणी होते, म्हणून पासपोर्ट आणि स्टेटसचे कागद घेऊनच जा. बाहेरच्या देशात अडकायचं टेन्शन नको असेल तर व्हिसावाल्यांसाठी मी फ्लोरिडा, कॅरोलायना किंवा पोर्तो रिकोच सांगते.

सोबत काय घ्यायचं: पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ ची (प्रवेशाच्या नोंदीची) प्रिंट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचं पत्र) किंवा आय-२०, ग्रीन कार्ड असेल तर ते, इन्शुरन्स पॉलिसीचा नंबर आणि इमर्जन्सी फोन, सगळी बुकिंग कन्फर्मेशन, औषधांची प्रिस्क्रिप्शन. सगळ्याचे फोटो फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, नुसते क्लाउडवर नको, टॉवर गेला की क्लाउड उघडत नाही. मूळ कागद झिपलॉक पिशवीत.

## ५. निघायच्या आधीचा आठवडा: नकाशा वाचायला शिका

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर हा मूळ स्रोत, टीव्ही चॅनलं त्याच्यावरूनच बोलतात. रोज सकाळी त्यांचा सात दिवसांचा नकाशा बघा. त्यात समुद्रावर रंगाचे ठिपके आणि पट्टे दिसतील: पिवळा म्हणजे वादळ तयार व्हायची शक्यता ४० टक्क्यांच्या आत, केशरी ४० ते ६०, लाल ६० च्या वर. पिवळं दिसलं म्हणून झोप उडवून घेऊ नका, बरेच पिवळे विरून जातात. लाल दिसलं की शीट काढा आणि शेवटच्या तारखा बघा.

वादळ तयार झालं की दर सहा तासांनी माहिती येते, इस्टर्न टाइमने पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ११. किनाऱ्याला इशारा दिलेला असेल तर मधे मधेही. तेवढ्याच वेळा बघा, दर दहा मिनिटांनी फोन उघडून नवीन काही मिळत नाही.

सोबत येतो तो पांढरा शंकू, म्हणजे इंग्रजीतला कोन (cone). यात सगळ्यात जास्त गैरसमज होतो. कोन म्हणजे वादळाचा आकार नाही, वादळाचा मधला बिंदू पुढच्या पाच दिवसांत साधारण कुठे असू शकतो एवढंच तो दाखवतो, आणि दर तीनातल्या एका वेळी तो बिंदूही कोनाच्या बाहेर जातो. "आमचं हॉटेल कोनाच्या बाहेर आहे" याचा अर्थ तुम्ही सुरक्षित आहात असा होत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन फ्लोरिडाच्या बिग बेंडला धडकली, टँपा बे तिच्या केंद्रापासून शंभर मैलांहून लांब होतं, तरी तिथल्या बीचवरच्या वस्त्यांत विक्रमी पाणी घुसलं.

वॉच आणि वॉर्निंग यातला फरकही लक्षात ठेवा. हरिकेन वॉच म्हणजे तसं होऊ शकतं, जोराचा वारा सुरू व्हायच्या साधारण ४८ तास आधी. वॉर्निंग म्हणजे होणार असं धरूनच चाला, साधारण ३६ तास आधी. तुम्ही पर्यटक आहात, तुमच्यासाठी निघायची वेळ वॉचला, वॉर्निंगला नाही.

सोशल मीडियावर दहा दिवसांनंतरचं लालभडक चक्र दाखवणारे फोटो फिरतात, ते एका मॉडेलचं एका वेळचं उत्तर असतं, सहा तासांनी ते दोनशे मैल सरकलेलं दिसेल. त्यावर तिकिटं रद्द करू नका.

## ६. जायचं की नाही, कसं ठरवायचं

आमच्या घरात वापरतो ती पद्धत सांगते. निघायच्या पाच दिवस आधी आपल्या जागेजवळ कोन आहे का? नसेल तर पॅकिंग चालू. असेल तर हॉटेलची फुकट रद्द करायची मुदत कधी संपते ते बघायचं, आणि मुदत संपायच्या आधीच्या शेवटच्या बुलेटिननंतर निर्णय घ्यायचा. हॉटेल रद्द करायचं, पण विमान आपणहून रद्द करायचं नाही, वेव्हर किंवा एअरलाइनच्या कॅन्सलेशनची वाट बघायची. हे क्रम उलटे झाले की पैसे जातात.

आणि जागेला तडाखा बसून गेल्यानंतरचे आठवडे पण जाऊ नका, एअरपोर्ट उघडला तरी. २०२२ मध्ये इयाननंतर फ्लोरिडाच्या सॅनिबल बेटाला जोडणारा पूलच तुटला होता. तिथल्या लोकांना पाणी, वीज, हॉटेलच्या खोल्या स्वतःला लागतात.

## ७. बॅगेत काय

रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, आणि ती हातातल्या बॅगेत. दोन पॉवर बँक. टॉर्च. थोडी छोट्या नोटांची कॅश, कारण वीज गेली की कार्ड मशीन बंद. लहान बाळ असेल तर फॉर्म्युला, डायपर जास्तीचे. बंद बूट एक जोड, पाण्यातून चालायची वेळ आली तर चप्पल कामाची नाही. ऑफलाइन नकाशे डाउनलोड केलेले.

## ८. पोचल्यावर पहिल्या तासात

समुद्राकडे पळायच्या आधी पंधरा मिनिटं काढा. रिसेप्शनला दोन प्रश्न विचारा: "तुमचा इव्हॅक्युएशन झोन कोणता?" आणि "ऑर्डर निघाली तर तुम्ही पाहुण्यांना कुठे पाठवता?" फ्लोरिडात झोनला ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ए ला सगळ्यात आधी निघावं लागतं, आणि समुद्रालगतची चिंचोळी बेटं बहुतेक ए मध्येच येतात. भाड्याच्या घराचा पत्ता काउंटीच्या साइटवर टाकून झोन बघता येतो.

बाहेर पडायचे रस्ते किती आहेत ते बघा. फ्लोरिडा कीजला मेनलँडपासून की वेस्टपर्यंत ११३ मैलांचा एकच ओव्हरसीज हायवे, म्हणून तिथे पर्यटकांना रहिवाशांच्या आधी निघायला सांगतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या हॅटरासला हायवे १२ आणि ओक्राकोकला फेरी, रस्त्यावर पाणी आलं की दोन्ही बंद. गाडी भाड्याने घेतली असेल तर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, आणि गाडी दुसऱ्या शहरात सोडायची झाली तर किती पैसे लागतील तेही काउंटरवर विचारून ठेवा.

## ९. ऊन आहे, वादळ लांब आहे, तरी झेंडा बघा

हा भाग घाईत सोडू नका. पाचशे मैलांवरच्या वादळाच्या लाटा तुमच्या बीचपर्यंत येतात, आकाश निळंशार असतं, आणि पाण्यात रिप करंट, म्हणजे माणसाला किनाऱ्यावरून आत समुद्राकडे ओढणारा प्रवाह, सुरू झालेला असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एरिन किनाऱ्याला लागलीच नाही, समुद्रातूनच निघून गेली, तरी नॉर्थ कॅरोलायनापासून न्यूयॉर्कपर्यंत कितीतरी बीचवर पोहायला बंदी होती.

फ्लोरिडात झेंडे असे: हिरवा शांत, पिवळा सांभाळून, लाल धोक्याचा, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायलाच मनाई, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे प्राणी. लाल असताना मुलांना गुडघाभर पाण्यातही एकटं सोडू नका. रिप करंट ओळखायचा तर किनाऱ्यावर थोडं उंच उभं राहून बघा, दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक गढूळ, सपाट पट्टा आत समुद्राकडे जाताना दिसतो. तो शांत दिसतो म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमून जाल. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ कमी झाली की मग तिरके बाहेर या, आणि हात वर करून मदत मागा. दुसरा कोणी सापडला तर मागे उडी मारू नका, लाइफगार्डला हाक मारा किंवा ९११, आणि तरंगणारं काहीतरी फेका.

## १०. निघा म्हटलं की त्याच तासात निघा

आखाताकडच्या एका बेटावर आम्ही असताना पहाटे दाराखालून हॉटेलचं पत्र सरकवलं होतं, चार ओळींचं, दुपारी १२ पर्यंत सगळ्यांनी निघायचं. कॉरिडॉरमध्ये काही जण "नाश्ता करून जाऊ, पैसे भरलेत" म्हणत होते. आम्ही मुलांना झोपेतच गाडीत घातलं आणि साडेसहाला पूल ओलांडला. तरी पहिल्या दोन पेट्रोल पंपांवर नोझलला पिवळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या दिसल्या, म्हणजे पेट्रोल संपलंय. तिसऱ्यावर रांग होती पण मिळालं. नाश्ता करून निघालेल्या ओळखीच्यांना पुढचे ऐंशी मैल जायला दुपार झाली.

किती लांब जायचं? इथे एक नियम सांगतात, पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून आडोसा घ्या. माणसं वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त दगावतात, समुद्राचं घुसलेलं पाणी आणि पावसाचा पूर. त्यामुळे शेकडो मैल जायची गरज नसते, पाण्याच्या झोनमधून बाहेर, पक्क्या इमारतीत गेलात तरी बऱ्याचदा पुरतं. अर्थात पर्यटकाला सगळ्यात चांगलं म्हणजे एअरपोर्ट बंद व्हायच्या आधीचं विमान पकडून सरळ घर. वाटेत रस्त्यावर पाणी दिसलं तर गाडी घालू नका, फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलून नेतं.

मेक्सिकोत किंवा बेटांवर असाल आणि विमान मिळालंच नाही तर हॉटेलवाले नेतील त्या शेल्टरमध्ये जा, त्यांना याची सवय असते. काचांपासून लांब, आतल्या खोलीत. वारा अचानक थांबला आणि वर आकाश दिसलं तर बाहेर येऊ नका, तो वादळाचा डोळा असू शकतो आणि थोड्या वेळात उलट्या दिशेने वारा सुरू होतो. भाड्याच्या घरात जनरेटर असेल तर तो कधीही घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, त्याचा धूर जीव घेतो. आणि घरी कळवायला फोन लागत नसेल तर टेक्स्ट पाठवून बघा, कॉल जात नाही तिथेही बऱ्याचदा टेक्स्ट जातो.

## ११. परत आल्यावर क्लेम

कागद नसले की क्लेम अडकतो, म्हणून हे तिथे असतानाच गोळा करा:

- एअरलाइनकडून लेखी, फ्लाइट का रद्द झाली ते, कारण हवामान असं स्पष्ट लिहिलेलं
- हॉटेलचं पत्र किंवा काउंटीच्या इव्हॅक्युएशन ऑर्डरचा तारीख दिसणारा स्क्रीनशॉट
- जास्तीच्या रात्री, जेवण, टॅक्सी, पेट्रोल यांच्या सगळ्या पावत्या, थर्मल कागदाच्या असतील तर लगेच फोटो, कारण त्या महिन्याभरात पुसट होतात
- हॉटेलने किती परत दिले आणि किती नाही याचा ईमेल

आधी एअरलाइन आणि हॉटेलकडून जे मिळतं ते घ्या, उरलेल्यासाठी इन्शुरन्स, कारण कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. एअरलाइनने व्हाउचर देऊ केलं तर "अॅक्सेप्ट" दाबायच्या आधी थांबा, ते घेतलंत की रोख रिफंडचा हक्क जातो. कार्डावरचा रिफंड ७ कामाच्या दिवसांत यायला हवा, नाही आला तर अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन डिपार्टमेंटच्या साइटवर तक्रार करता येते, फॉर्म सोपा आहे. आणि क्लेम भरायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, ती परत आल्याच्या आठवड्यातच बघून घ्या.